पुरा उपवास, अर्धी गोळी

१८ फेब्रुवारी, भस्म बुधवार

ताई,

वर काय लिहावं यातच तीन कागद गेले. ‘प्रिय’ लिहिलं तर तू पत्र तिथेच फाडशील, आणि ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं तर लग्नाचं आमंत्रण पाठवल्यासारखं वाटेल. म्हणून नुसतं ताई.

तुझा पत्ता तुझ्या जुन्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरबाईंकडून मिळाला. त्यांनी तो चिठ्ठीवर लिहिला आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. तू आता वृद्धाश्रमात कामाला आहेस आणि नर्स म्हणून नाहीस, हेही त्यांनीच सांगितलं. मला ते माहीत नव्हतं.

इकडे सगळं ठीक. मी बाइंडिंगच्या कारखान्यातच आहे. सध्या शाळांच्या रजिस्टरांची घाई चालली आहे. दिवसभर कागदांचे फर्मे दुमडायचे, शिवायचे, रजिस्टरांच्या पाठीला सरस लावून दाबाखाली ठेवायचे. घरी मामा खालच्या मजल्यावरच असतात. हेडमास्तरकी सुटून सात वर्षं झाली, तरी जिन्यावरच्या पावलांवरून कोण उशिरा आलं ते ओळखतात. आईची खोली मी वापरत नाही.

आज उपवासकाळाचा पहिला दिवस, चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली. उपासना संपल्यावर मामांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की उपवासकाळाच्या पाचव्या शुक्रवारी मी तरुण मंडळींपुढे ‘उपवास आणि मोहावर विजय’ या विषयावर बोलणार. दोन वर्षांपूर्वीचा माझा चाळीस दिवसांचा उपवास लोक विसरलेले नाहीत. म्हाताऱ्या बायका अजून मला ‘उपवासवाला भाऊ’ म्हणतात. मी मामांना नाही म्हणालो नाही.

या दिवसांत माणसानं मनातलं किल्मिष काढून टाकावं, म्हणून लिहितोय. तेव्हा घरात जे झालं ते सगळ्यांच्याच हातून झालं. आई आजारी, सगळे थकलेले. कोण काय बोलून गेलं, त्याला फारसा अर्थ नव्हता. माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही. मी तुला मनापासून क्षमा केली आहे.

दोन ओळी पाठवल्यास तर बरं वाटेल.

बारक्या


२६ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्रात ‘मी तुला क्षमा केली आहे’ असं एक वाक्य आहे, ते खोडून टाक. पत्रच फाडलं असशील तर प्रश्न मिटला.

पेटीत पत्र टाकल्यावर मला फार हलकं वाटलं होतं. दोन दिवस मी स्वतःवर खूश होतो. मग चर्चच्या पाळकांकडे गेलो. हे पाळक नवीन आहेत, तू गेल्यावर आलेले. पूर्वी बसगाड्या दुरुस्त करायचे, नखांतलं काळं अजून गेलेलं नाही. भाषणासाठी चार मुद्दे मिळतील म्हणून गेलो होतो. वही आणि पेन घेऊन.

त्यांनी मुद्दे दिलेच नाहीत. विचारलं, त्या चाळीस दिवसांत तुम्हाला सगळ्यात जास्त भूक कशाची लागली? मी म्हणालो, जेवणाची. ते ‘बरं’ म्हणाले. बाहेर कुणीतरी चर्चच्या बाकांवरची धूळ झटकत होतं. एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत तो आवाज येत गेला, अगदी दारापर्यंत, आणि मग थांबला. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “गोळीची.”

आईच्या दुखण्याच्या गोळ्या मी घेत होतो, ताई.

हे तुला माहीत आहे. तू घेतल्या नव्हत्यास, आई अंथरुणातून उठू शकत नव्हती, आणि मामा डोकं दुखलं तरी औषध घेत नाहीत. मग घरात उरलं कोण? पण मी ते कधी तोंडानं म्हटलेलं नाही, म्हणून लिहून देतो. मीच घेत होतो.

आणि ते संपलेलंही नाही. आई गेल्यावर मी दुसरीकडून गोळ्या मिळवायला लागलो. कुठून ते लिहीत नाही. दोन वर्षं झाली.

पाळकांनी मला आधी डॉक्टरकडे पाठवलं. म्हणाले, प्रार्थना मी करतो, रक्तदाब त्यांना बघू द्या. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, उतरत्या आणायच्या, असं सांगून कागद लिहून दिला. मी उपवासाचं विचारलं तर म्हणाल्या, एक वेळचं जेवण सोडा, पाणी भरपूर प्या, यापेक्षा जास्त शौर्य नको.

म्हणून यंदा मी फक्त दुपारचं जेवण सोडतो. पाळकांची अट एकच आहे, कुणाला कळता कामा नये. तोंड धुवायचं, केस विंचरायचे, हसून कामाला लागायचं. दोन वर्षांपूर्वी मी कुणाला सांगायचा राहिलो होतो? पोस्टमनलासुद्धा सांगितलं होतं.

करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं तू म्हणशील. म्हण.

बारक्या


९ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही, ते योग्यच आहे. तरी लिहितो, कारण दुपारचा तो अर्धा तास कठीण जातो. बाकीचे जेवायला बसतात आणि मी मागच्या बाजूला पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांवर येऊन बसतो. आज वही घेऊनच आलो.

भूक कशी येते ते मला पहिल्यांदा कळतंय. बारा वाजता पोटात कळ येते, वाटतं आता काही खरं नाही. साडेबाराला हात थरथरतात. आणि मी काहीच केलं नाही तर पाऊण वाजेपर्यंत ती आपोआप ओसरते. रोज. तिला उत्तर दिलंच पाहिजे असं नसतं, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, पालथ्या घड्यावर पाणी. गोळीची हाक आली की मी आता तेच करतो. घड्याळाकडे बघतो. भुकेइतक्या शहाणपणानं ती परत जात नाही, पण कधीकधी जाते. पाळक म्हणतात, लहान भुकेला नाही म्हणण्याचा सराव असला तर मोठीच्या वेळी निदान तोंडाला तो शब्द ओळखीचा असतो.

सुरुवात कशी झाली ते तुला अर्धंच माहीत आहे. कटिंग मशीनखाली माझा अंगठा चेचला होता, तेव्हा तूच पट्टी बदलायला यायचीस. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. अंगठा दीड महिन्यात बरा झाला, मी मात्र चार महिने दुखतंय म्हणून सांगत राहिलो. मग त्यांनी देणं बंद केलं. नेमकं त्याच सुमाराला आईचं दुखणं निघालं, आणि तू रजा काढून घरी राहायला आलीस. स्वयंपाकघराच्या फडताळात तिच्या गोळ्यांची डबी आली. मी सांगतो, मला आईच्या आजाराचं दुःख झालं होतं. पण डबी दिसल्यावर पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं.

आणि मी उपवास जाहीर केला. आईसाठी, चाळीस दिवस, सूर्य मावळल्यावर एकदाच जेवीन. ढोंग करायचं असं ठरवलं नव्हतं, ताई. मला खरंच वाटलं होतं की पोट मारलं की हेही मरेल. पहिले पाच दिवस मी गोळीला हात लावला नाही. सहाव्या दिवशी घामानं शर्ट भिजला, दात वाजायला लागले, आणि कारखान्याच्या मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, बघा, याला म्हणतात श्रद्धा.

तेव्हा मला कळलं की उपवासाखाली काहीही झाकलं जातं. वजन उतरलं तरी उपवास, डोळे खोल गेले तरी उपवास, चिडलो तरी बिचारा उपाशी आहे. मग मी गोळ्याही घ्यायला लागलो आणि उपवासही चालू ठेवला. जेवण मात्र खरंच सोडलं होतं, त्यात खोटं नव्हतं. म्हणूनच मला स्वतःलाही तो उपवास खरा वाटत राहिला. मामांनी मला चर्चमध्ये उभं करून लोकांना दाखवलं, तेव्हा खिशात दोन गोळ्या होत्या.

डबीत गोळ्या कमी आहेत हे तुझ्या लक्षात आलं. तू आधी मला विचारलंस, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. मी म्हणालो, तूच मोजताना चुकली असशील. तू पुन्हा मोजल्यास. मग मामांना सांगितलंस.

मामांनी आईच्या पलंगापाशी सगळ्यांना बोलावलं, जणू वर्गात खडू चोरीला गेला होता. गोळ्या कोण काढतं? तू. मोजतं कोण? तू. दवाखान्यात अशा गोळ्या कुणाच्या हाताखालून जातात? मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “तू सांग. तू उपाशी माणूस आहेस, खोटं बोलणार नाहीस.”

मी काय बोललो ते तुला आठवत असेल. मला शब्दन् शब्द आठवतो. मी म्हणालो, “मी काही पाहिलेलं नाही. पण ताई हल्ली फार थकलेली असते.”

हे वाक्य मी आधी तयार केलेलं नव्हतं. ते इतकं सहज आलं, याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. उघड आरोप केला असता तर तू माझ्याशी भांडली असतीस. या वाक्याशी भांडताच येत नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस, माझ्या हातांकडे बघितलंस, आणि तुला सगळं समजलं. नर्सच तू. पण उपवासवाल्या भावाविरुद्ध तुझं कोण ऐकणार होतं? त्याच दिवशी दुपारी तू बॅग भरलीस. आई ‘जाऊ नको’ म्हणत होती, आणि मी दारात उभा राहून तुझ्यासाठी रिक्षा थांबवली.

सुट्टी संपली. घंटा झाली.

बारक्या


१७ मार्च

ताई,

तुझं कार्ड काल मिळालं. अक्षर ओळखलं. दोनच ओळी आहेत, पाठ झाल्या. ‘मी गेल्यावर आई एकोणीस दिवस जगली. त्यांतले किती दिवस तिला दुखलं ते सांग. बाकी काही नको.’

आईला शेवटी फारसा त्रास झाला नाही. डॉक्टर येत होते. मामा रोज संध्याकाळी पवित्र शास्त्र वाचायचे. ती शांत होती. शेवटचे दोन दिवस तर झोपेतच होती.

शुक्रवारच्या भाषणाची तयारी चालली आहे, म्हणून आज इतकंच.

बारक्या


२० मार्च, शुक्रवार

ताई,

मंगळवारचं पत्र खोटं आहे.

ते लिहिल्यावर मी पोस्टात गेलो आणि परत येताना जिथून मिळतात तिथून गोळ्या आणल्या. कागदाबाहेरच्या दोन घेतल्या. तीन आठवड्यांचा सराव एका दुपारी गेला. बुधवारी सकाळी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. नवा कागद लिहून दिला, उरलेल्या गोळ्या माझ्याकडून काढून घेतल्या आणि रोज तोंड दाखवायला या म्हणाल्या.

तिथून पाळकांकडे गेलो आणि माझा बेत सांगितला. शुक्रवारच्या भाषणात सगळ्यांसमोर सगळं कबूल करायचं. गुडघे टेकायचे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नको म्हणाले. म्हणाले, “लोक रडतील. तुम्हाला जवळ घेतील. पुढच्या वर्षी पुन्हा तुम्हालाच बोलावतील. आणि बहीण तिथे कुणाची तरी लादी पुसत असेल.” आधी जिचं नुकसान केलं तिला खरं सांगा, मग ज्यांच्यापाशी तिचं नाव घालवलंत त्यांना. लोकांचं नंतर बघू, आणि तेही लागलंच तर.

आता साडेपाच वाजलेत. चर्चमध्ये तरुण मंडळी जमली असतील आणि पाळक स्वतः बोलत असतील. मला बरं नाही असं मामांना कळवलं आहे. कारखान्यात कुणी नाही, फक्त दाबाखाली ओल्या पाठींची रजिस्टरं आहेत.

तू विचारलंस किती दिवस. सतरा.

शेवटचे दोन दिवस ती खरंच शुद्धीवर नव्हती, ते सोडून सतरा.

तू गेलीस तेव्हा मी पेचात पडलो. गोळ्या कमी पडणं आता थांबायला हवं होतं. नाही थांबलं तर तू निर्दोष ठरली असतीस. डबी मामांनी विश्वासानं माझ्या ताब्यात दिली. डॉक्टर आठवड्याच्या गोळ्या मोजून द्यायचे आणि रिकाम्या पट्ट्या मोजून घ्यायचे. तेव्हा पट्ट्या रिकाम्या दिसायला हव्या होत्या आणि मलाही गोळी हवी होती. मी प्रत्येक गोळीचे दोन तुकडे करायला लागलो. कामावरच्या पातळ सुरीनं, तिनं कड तुटत नाही की चुरा होत नाही. अर्धी आईला, अर्धी मला. डॉक्टर म्हणाले, आता मोजणी बरोबर येते. मामा म्हणाले, पाहिलंस, ती गेली आणि घरातली चोरी थांबली.

आई कळवळायची. ओरडायची नाही. तुला माहीत आहे ती कशी होती, पाहुण्यांसमोर शिंक आली तरी पदर तोंडावर धरायची. चादरीचा कोपरा दातांत धरायची. मी डॉक्टरांना सांगायचो, रात्री बरी झोपली. आणि मी तिच्या उशाशी बसून प्रार्थना करायचो, प्रभू, हिचं दुखणं कमी कर. हे मी खरंच म्हणायचो, ताई. अर्धी गोळी पोटात घेऊन, वर उपाशी राहून.

अजून एक आहे. ते पाळकांनाही सांगितलेलं नाही.

तू गेल्यावर बाराव्या दिवशी दुपारी मी तिला अर्धी गोळी दिली आणि पाण्याचा पेला पुढे केला. तिनं गोळी तोंडात घातली नाही. मूठ मिटली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझे हात थरथरत होते, पेल्यातलं पाणी सांडत होतं. मग तिनं माझा हात ओढून घेतला, अंगठ्यावरच्या त्या वणावरून बोट फिरवलं आणि तो अर्धा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.

म्हणाली, “घे. तुला जास्त लागते. मला आज बरं आहे.”

तिला बरं नव्हतं. ओठ चावून चावून फुटलेले होते.

तिला केव्हापासून माहीत होतं, मला माहीत नाही. तू गेलीस त्या दिवशी माहीत होतं का, हे मी रोज स्वतःला विचारतो.

मी ती गोळी घेतली, ताई. तिच्यासमोर. तिच्याच पेल्यातल्या पाण्यानं.

यावर मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.


२९ मार्च

ताई,

काल मामांना सांगितलं.

शनिवारी ते रविवारसाठी बूट चमकवतात, ते चाललं होतं. मी समोर खाली बसलो आणि अंगठ्यापासून आईच्या हातातल्या त्या तुकड्यापर्यंत सगळं सांगितलं. ते एकच बूट घासत राहिले. माझं संपलं तरी घासत राहिले. मला वाटलं, आता ब्रश फेकून मारतील. मारला असता तर बरं झालं असतं.

मग ब्रश खाली ठेवून म्हणाले, “मी तिला चोर म्हणालो. नुसतं तोंडानं नाही, लेखी.”

मग उठून कपाट उघडलं. त्यांनी तुझ्या दवाखान्याला जी तक्रार केली होती तिची प्रत त्यांनी जपून ठेवली होती. सुवाच्य अक्षर, परिच्छेदाला अंतर, खाली सही. तीत एक ओळ अशी होती, की या मुलीचं वरून कीर्तन आणि आतून तमाशा आहे. ती ओळ त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावली, वर्गात लावायचे तशी. मी वाचली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचाच चेहरा बघवेना. ते म्हणाले, मी चाळीस वर्षं मुलांना ओळखत होतो असं समजत होतो.

मी म्हणालो, मामा, तुम्हाला मी फसवलं. ते म्हणाले, तू फसवलंस, पण मला फसायला आवडलं. घरात एक संत असल्याचं मला आवडलं.

आज रविवार असूनही ते चर्चला गेले नाहीत. आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. मोठ्या सिस्टरबाई कामावर होत्या. मी चार पानांवर सगळं लिहून नेलं होतं, गोळ्यांची नावं, दिवस, अर्ध्या करण्याची रीत. मामांनी त्याला आपली तक्रार मागे घेत असल्याचा कागद जोडला. बाईंनी उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्ची ओढून बसून वाचलं. माझ्याकडून प्रत्येक पानावर सही घेतली. म्हणाल्या, हे वरच्या समितीपुढे जाईल, तुम्हाला बोलावतील, कदाचित पोलीसही विचारतील. मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, तिची जागा भरली गेली आहे, पण नावावरचा डाग काढता येईल, मी स्वतः लिहीन.

या वेळी त्यांनी पोचपावती माझ्या हातात दिली. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीही लाज वाटली.

मामांना तुला भेटायचं आहे. मी नको म्हणालो, तू बोलावलेलं नाहीस. ते म्हणाले, तिनं तुला बोलावलेलं नाही, मला जायला बोलावणं लागत नाही, लागते ती लाज, ती आता आहे. येत्या शुक्रवारी निघणार आहेत. एकट्यानं चार तासांचा बसचा प्रवास त्यांना झेपायचा नाही, म्हणून मी बरोबर येईन. आश्रमाच्या फाटकाच्या आत येणार नाही.

बारक्या


३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

ताई,

तुमच्या फाटकासमोरच्या बाकावर बसून लिहितोय. हे पत्र पोस्टानं येणार नाही.

मामा सकाळी साडेदहाला आत गेले. पहारेकऱ्यानं त्यांचं नाव विचारलं, तेव्हा त्यांनी नाव न सांगता ‘तिचा मामा’ एवढंच सांगितलं. मी इथूनच बघत होतो. तू ओल्या हातांनी बाहेर आलीस. तुझे केस पांढरे झालेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मामा काहीतरी बोलले. मग वाकले, आणि तू त्यांना खांद्याला धरून उभं केलंस. पुढचं मला दिसलं नाही, म्हणजे मी बघितलं नाही. तुम्ही आत गेलात.

मी तीन तास बसलो. आज प्रभूच्या मरणाचा दिवस, सगळ्यांचाच उपवास असतो, म्हणून कालपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. आज मला तो उपवास बरा वाटत होता, हेही सांगून टाकतो. मनात कुठेतरी होतं की तू खिडकीतून बघशील, उन्हात उपाशी बसलेला भाऊ दिसेल, आणि तुझं मन द्रवेल. इतकं सगळं झाल्यावरही जित्याची खोड जात नाही.

दीड वाजता मामा बाहेर आले. डोळे सुजलेले. हातात कागदात गुंडाळलेला पाव आणि दोन उकडलेली अंडी. माझ्या शेजारी बसले आणि पुडा माझ्या मांडीवर ठेवला.

मी विचारलं, काय म्हणाली?

मामा म्हणाले, “पत्रं सगळी वाचली म्हणाली. एकही फाडलेलं नाही. तुला भेटणार नाही. आज नाही, आणि केव्हा ते तिला माहीत नाही.”

मी म्हणालो, ठीक.

“आणि म्हणाली, त्याला हे खायला सांगा. बसमध्ये चक्कर येऊन पडला तर लोक नर्सला शोधतील.”

मी पुडा बाजूला सरकवला. म्हणालो, मामा, आज उत्तम शुक्रवार आहे, तीनची उपासना व्हायची आहे, सूर्य मावळला की खाईन. मामांनी जन्मात कधी या दिवशी तीनच्या आधी तोंडात पाण्याचा थेंब घेतलेला नाही. ते म्हणाले, “ते मी तिला बोललो. ती म्हणाली, माझ्या दारात उपाशी बसू नको म्हणावं त्याला. एकदा बसला होता आईच्या उशाशी, तेवढं पुरे.”

तेव्हा मी खाल्लं, ताई.

रस्त्यावर, भर दुपारी, लोक चर्चला निघालेले असताना. समोरून एक कुटुंब गेलं, काळ्या कपड्यांत, त्यांतल्या म्हातारीनं माझ्या हातातल्या अंड्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी चावत राहिलो. मामा शेजारी ताठ बसून राहिले, जणू परीक्षेला बसलेल्या मुलावर नजर ठेवून आहेत. पाव शिळा होता, अंड्यांना मीठ लावलेलं होतं. तू लावलंस की स्वयंपाकघरातल्या कुणी, ते मला कळायला मार्ग नाही. पुडा संपेपर्यंत खाल्लं. कागदावरचे कणसुद्धा.

यापेक्षा कठीण उपवास मी केलेला नाही.

आमची बस साडेतीनची आहे. हे पत्र मामा पहारेकऱ्याजवळ देतील. मी पुन्हा येणार नाही आणि तू विचारल्याशिवाय लिहिणार नाही. समितीनं बोलावलं की जाईन, तुला काय झालं ते बाई कळवतील. डॉक्टरीणबाईंचा कागद चालू आहे, सध्या दिवसाला अर्धीवर आलो आहे. ती अर्धी तोडताना रोज हात थांबतो.

उन्हात बसून मामांना ग्लानी आली आहे. माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलेत. बस दिसली की उठवतो.

बारक्या